मामांच्या कॅसेटी

पूर्णा,
४ जुलै २०२५

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रात मोबाइल चालत नाही, म्हणून या निवृत्त रेल्वे गार्डला पुन्हा पोस्टाची पायरी चढावी लागली. तुझी आई बरी आहे. जेवते, पण ताटावरून उठून दाराकडे बघते.

केंद्राच्या मॅडमचा निरोप आला, की तू घरी येण्याआधी नशेची आठवण करून देणारं सगळं बाहेर काढा. आमच्या सवितानं मोबाइलवर माझ्या जुन्या इंग्रजी गाण्यांचे अर्थ शोधले. साठ-सत्तर सालची, लांब केसवाल्यांची, तू लहानपणी माझ्या मांडीवर ऐकलेली. रोज संध्याकाळी जिची वाट बघतात ती बाई म्हणजे म्हणे सुईतून घ्यायची पावडर, आणि हिरवी टेकडी म्हणजे गांजा. बाबा, यातलं एक बी गाणं शुद्धीतलं न्हाई, असं म्हणाली. आणि मी विहारात पंचशील झाल्यावर, नशाबंदीच्या कार्यक्रमात, दरसाल हीच गाणी म्हणत आलो. शांततेची आहेत म्हणून सांगायचो. शेजारच्या मालनबाई डोळे पुसायच्या. वस्तीत इंग्रजी मला एकट्यालाच येतं असा सगळ्यांचा समज, आणि माझाही.

सगळ्या कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. दमलो रे मी. तू त्या गाण्यांनी बिघडलास का, एवढं खरं सांग. पंचवीस तारखेला तुला सोडणार आहेत, न्यायला येऊ ना?

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझा मामा,
सिद्धोधन

परभणी,
९ जुलै २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

त्या गाण्यांतला एक शब्दही मला कधी कळला नाही. तुम्ही ठेक्यावर मांडी हलवायचा, तेवढं आठवतं. मी खोकल्याची औषधं प्यायलो, गोळ्या खाल्ल्या, त्या दोस्तांकडून. कॅसेटी उगाच गेल्या.

मला न्यायला येऊ नका. लिहायला जड जातंय. जेवणाआधी तुमचा रोजचा क्वार्टर असतो. तुम्ही कधी आवाज चढवला नाही, कधी कुठं पडला नाहीत, म्हणून आपल्या घरात त्याला कुणी नशा म्हणत नाही. आई शेंगदाणे तळून देते. सवितानं सगळं घर उपसलं, पण फ्रिजवरच्या बाटलीला हात लावला नाही. त्या वासात मी आठवडाभरही टिकणार नाही, मामा. भित्रा म्हणा हवं तर. इथून सुटल्यावर कुठं जायचं, अजून ठरलं नाही.

राग आला तरी पत्र धाडा.
आपला भाचा,
नागसेन

पूर्णा,
१४ जुलै २०२५

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम.

राग आला. मग ताईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यानं खोटं काय लिवलंय? शेंगदाणे तळून तळून मी बी लय दमले, मला कुणी इचारलं का?

बाटली मोरीत ओतली असं लिहिणार होतो. ओतलीही असती, आणि संध्याकाळी स्टेशन रोडवरून दुसरी आणली असती. माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून मॅडमना फोन केला. माझ्या वयाच्या माणसाला घेतात का विचारलं, तर घेतात. तुझ्याच खोलीत एक खाट रिकामी आहे म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरनं वळकटी घेऊन येतो. मी घोरतो, दोन-तीन रात्री सोसून घे.

पंचवीसला तू सरळ पूर्णेला जा, आईजवळ राहा. घरात पिणारं कुणी नसेल.

बाकी भेटीअंती.
तुझा मामा,
सिद्धोधन