खुंटीवरून दिसणारी पाठ

सर,

तुमचा फोटो परवा सेमिनार रूममध्ये लागला. हार मीच घातला, कारण तुमच्या विभागप्रमुखाच्या खुर्चीत आता मी बसते. मग एकेक जण उठून बोलला. सरांनी आम्हाला घडवलं, सर वरून कडक पण आतून मऊ, सरांनी खुंटीला टांगलं म्हणून आज हाताला वळण आहे. लोक हसले, टाळ्याही पडल्या. मला किळस आली. तुम्ही होतात तेव्हा हे बोलायची माझी टाप नव्हती, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी शेवटी कागदावरच बोलते आहे.

खुंटी हा शब्द आम्हा रेसिडेंटांचा. तुम्ही नुसतं भिंतीकडे बोट दाखवायचात. ज्याची चूक झाली त्यानं हात धुवायचे, गाऊन चढवायचा, ग्लोव्हज घालायचे आणि थिएटरच्या भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं, हात छातीशी धरून, त्या दिवशीची सगळी ऑपरेशनं संपेपर्यंत. कशाला शिवायचं नाही, बसायचं नाही, पाणी मागायचं नाही. पाहून शिकतील, असं तुम्ही पाहुण्या डॉक्टरांना कौतुकानं सांगायचात. सर, खुंटीवरून ऑपरेशन दिसत नाही. तुमची पाठ दिसते, गाऊनच्या सुटत आलेल्या नाड्या दिसतात, मानेवरचा घाम दिसतो. तुमची पाठ मला तोंडपाठ आहे. शस्त्रक्रिया मी दुसरीकडेच शिकले.

मे महिन्यातलं चंद्रपूर, थिएटरचा एसी बंद पडलेला. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकनं उडवलेला माणूस टेबलावर आहे आणि मी बांधलेली एक गाठ सरकते. तुम्ही ती काढून नवी बांधलीत, माणूस वाचला, इथवर सगळं ठीकच होतं. मग मास्कमधून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बाई, तुले सर्जरी काऊन पाह्यजे? घरी पोळ्या कराले कोनी नाई का?" आणि बोट भिंतीकडे. गडचिरोलीकडच्या शिबिरातून मी मलेरिया घेऊन आले होते, अंगात ताप होता. ते तुम्हाला सकाळीच सांगितलं होतं, तुम्ही ऐकून घेतलं नव्हतं. भिंतीच्या फरश्या गार होत्या, त्यांना पाठ टेकवावीशी वाटत होती आणि टेकवायची नाही हा नियम होता. तो दिवस मी विसरले असते, सर, अपमान काय, पचतात. पण गाठ का सरकली हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत आणि पुढेही कधी नाही. होस्टेलच्या पलंगाच्या दांडीवर दोरा बांधून बांधून मला ते उमगलं. दोन्ही टोकं मी सारख्या जोरानं ओढत नव्हते, बस. एका वाक्याचं काम होतं. शिकवायचा पगार घेणाऱ्या माणसाला ते एक वाक्य जड झालं.

त्याहून ओंगळ मला पुढचा रविवार वाटतो. तुम्ही आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलावलंत. तुमच्या पत्नीनं, आमच्या बाईंनी, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता, स्वयंपाकघरात खाली पाट मांडले होते आणि तुम्ही स्वतः पळी घेऊन वाढत होतात. माझ्या ताटापाशी थांबून म्हणालात, "खा वं पोरी, हाडकं दिसून राह्यले तुये." मी दोनदा रस्सा घेतला आणि डोळ्यांत आलेलं पाणी तिखटावर ढकललं. ती मला माया वाटली. बापाच्या रागापोटी माया असते तसंच हे, असं मी स्वतःला समजावलं. आता कळतं की रविवारच्या त्या रश्श्यावरच तुमचा सोमवार चालायचा. आम्ही जेवून, ढेकर देऊन, पुन्हा तुमच्या भिंतीपाशी यायचो. आजही कुणी पाटोडी वाढायला आलं की मी ताटावर हात आडवा धरते.

हल्ली वरून फर्मानं येतात, रेसिडेंटांच्या मनाची काळजी घ्या म्हणून. आम्ही एक योगवर्ग घेतला. मुलं शवासनात जी झोपली ती उठेचनात. त्यांचेच फोटो काढून आम्ही वर पाठवले आणि शाबासकी मिळवली. म्हणजे तुमच्या मागे आम्ही फार मोठे दिवे लावले अशातला भाग नाही.

आणि मग या सोमवारी दुसऱ्या थिएटरचं दार ढकललं, तर भिंतीपाशी गोंडपिपरीकडची माझी रेसिडेंट उभी. गाऊन, ग्लोव्हज, हात छातीशी. तिची गाठ सरकली होती. माझा सहकारी ऑपरेशन करत होता, त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही. वर न बघता म्हणाला, "मॅडम, आपल्या इथी असंच चालते ना, सरांची पद्धत आहे." मी तिला बाहेर आणलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, "मी सोडून राह्यली, मॅडम. घरी सांगतलं बी. मले नाई जमत." मी तिला एवढंच म्हटलं की उद्याचा दिवस माझ्या टेबलापाशी ये, मग जा. सहकाऱ्यानं नंतर ऐकवलं की मी पोरांना लाडावून ठेवते. मी त्याला सांगितलं की यापुढे त्या भिंतीपाशी कुणी उभं दिसलं तर त्याची ऑपरेशनं बंद. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

ती आली. आतडं जोडायचं होतं, मी तिला समोर उभं केलं आणि दोन्ही टोकं सारखी ओढ, असं पहिल्याच टाक्याला सांगितलं. तिनं सगळे टाके घातले. सुंदर घातले, सर, माझ्याहून नेटके. शेवटची गाठ बांधून तिनं मान वर केली आणि मास्कवरून माझ्याकडे बघत थांबली. मला काहीतरी म्हणायचं होतं, शब्द शोधला, सापडला नाही. मी मान खाली घालून पोट बंद केलं आणि तिला जेवून यायला सांगितलं. पुढच्या केसला ती परत आली, हात धुतले, गाऊन चढवला, आणि टेबलाकडे न येता सरळ भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मी काही बोलले नाही, म्हणजे चुकलंच असणार, एवढं तिला आमच्या विभागानं नक्की शिकवलं होतं.

मग मला म्हणावंच लागलं. "टाके चांगले घातलेस. इकडे ये." साधं वाक्य, पण माझा आवाज चिरकला आणि भूलतज्ज्ञांनी वळून पाहिलं. ती टेबलापाशी आली. सोडून जायचं तिनं पुन्हा काढलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि बाईंना ते दाखवण्याइतकी मी दुष्ट नाही. उद्या थिएटरमध्ये जाताना फाडून टाकीन. पण फाडण्याआधी एक सांगते. तिला म्हटलेलं ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकायला मी अजून थांबले आहे, सर. याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.