शेळी कोणत्या गटात

४ मार्च
संपादकबाईंचा पुन्हा फोन. तिसरीचा पाठ — 'पाळीव प्राणी आणि त्यांचे उपयोग'. "एक प्राणी, एकच गट. मुलांचा गोंधळ नको." बरं बाई! गाय दुधाला, गाढव ओझ्याला, कुत्रा राखणीला, मेंढी लोकरीला. शेळी मी दूध आणि मांस, दोन्हीकडे टाकली होती. आता नुसती दुधात ठेवली. अर्धांगाच्या झटक्याने पडून असलेल्या बाबांना भरवून, पुसून होईतो दुपार टळते, मग हे घेऊन बसायचं. डोळे मिटतात.

६ मार्च
दादा येऊन गेला. बाबांच्या खोलीत दोन मिनिटं, मग अंगणात आमच्या शेळीपाशी. "दूध आटलंय ना? मग पोसतेस कशाला? कसायाला विचारून ठेवलंय मी. तूच लिहितेस ना, दुधाला नाही तर मांसाला!" आणि हसला. मी बघू म्हटलं. खरं तर मलाही ती नको झालीय. पाला मीच आणायचा, लेंड्या मीच काढायच्या.

७ मार्च
थकले. बाकी काही नाही.

९ मार्च
शेळीने आज पुन्हा दावं तोडलं — थेट बाबांच्या खोलीत! नव्या पांघरुणाचं एक टोक तिच्या तोंडात, दुसरं बाबांच्या मुठीत. रोजचाच धिंगाणा. पांघरुणाची पार चाळण झाली. वैतागून दादाला फोन केला. ने म्हटलं एकदाची.

१० मार्च
नेली. टेम्पोत चढेना, सारखी ओरडत होती. मी आत जाऊन भांडी घासत बसले.

१३ मार्च
बाबांचा व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. उजवा हात उचलून बघितला, तो धप्पकन खाली पडला. "हे काय? गेल्या खेपेला मूठ घट्ट वळत होती. माझ्या सांगण्यावरून तर ते कधी बोटही हलवत नाहीत. तुम्ही काय करून घेत होतात?"
मी कुठे काय करून घेत होते! मला वेळ होता कधी?
त्या गेल्यावर डोक्यात उजेड पडला. पांघरूण! उजव्याच हाताने ओढून धरायचे. मीच पाठवली तिला, मीच. दादा फोन उचलत नाही.

१४ मार्च
सकाळी दादाने फोन उचलला. त्याच दिवशी कापली म्हणाला.
दुपारी बाबा बोलले! झटका आल्यापासूनचा पहिला शब्द. दाराकडे बघत, तोंड वाकडं करत, पण स्पष्ट — "आली?"
मी म्हटलं, येतेय हं.