अनेसूच्या वाटीतली लापशी

आई,

अनेसूला घेऊन दवाखान्यात जातेय, तिथून मुतारे शहरात बहिणीकडे. आणायला कुणाला पाठवू नका.

काल शेतातून लवकर आले, तर तुम्ही त्याला मक्याची लापशी भरवत होतात. टाळू भरावी म्हणून मुळीचं पाणीही पाजलंत. सहा महिने फक्त माझं दूध आणि बाटलीतलं औषध, असं नर्सने तुमच्यासमोर बजावलं होतं. वरचं काही पोटात गेलं की कोवळं आतडं सोलवटतं, आणि माझ्या दुधातून एचआयव्ही त्याला लागायची भीती वाढते. तिथं मान डोलावलीत, घरी येऊन म्हणालात, "नुसत्या दुधावर पोर वाढतं होय? तेही असल्या बाईच्या!"

हा रोग मी माहेराहून आणला, असं हापशावर सगळ्या बायकांना सांगून झालंय तुमचं.

कोंबड्यांना दाणे टाकलेत. उरलेली लापशी चुलीपाशी झाकून ठेवलीय, ती तुमच्या मुलाला द्या. त्याला त्याच्या, ह्याच रोगावरच्या गोळ्या रिकाम्या पोटी सोसत नाहीत. छपरात, कुदळीमागे लपवलेल्या असतात. मनात आलं तर घेतो, नाहीतर नाही. पण आणतोय आमच्या लग्नाच्या आधीपासून.

अनेसूची आई