गॅरेजातलं भरीत

१० नोव्हेंबर १९९१, रविवार
इतिहासाला कळावं म्हणून नोंदवतो: आज जळगाव शहरात, ऐन वांग्यांच्या दिवसांत, मला कांद्याच्या पातीवाचून भरीत खावं लागलं. सगळा बाजार पालथा घातला. पात नाही. सुमन म्हणाली, "कांदा चिरून घातलाय. इतरांच्या नवऱ्यांसारखे गप्प जेवा." निषेध सदरात करायचं ठरवलं. साप्ताहिकाला मजकूर मंगळवारी द्यायचा. पहिलं वाक्य जुळलंसुद्धा.
चारला समोरच्या डॉक्टरांकडे फोन आला. धाकटा भाऊ वसंता, न्यू जर्सीहून. तिकडे पहाट. गॅरेज जळलं. लागून असलेलं स्वयंपाकघर जळलं. वरची मुलीची खोलीही. माणसं सुखरूप. तीनदा विचारलं.
कशानं लागली? आधी पावसाचं सांगितलं. मग, "भरीत करत होतो, दादा."
सदराचं वाक्य खोडलं.

१२ नोव्हें.
आईला एवढंच सांगितलं, वसंताकडे भरीत करताना जरा धूर झाला. "भरताला धूर होणारच," म्हणाली आणि माळ ओढत बसली.
प्रकार असा. दिवाळीची मंडळी बोलावलेली. वांगी परसात लावलेली, बी इकडूनच रुमालात बांधून नेलेलं. थंडीनं रोपं मरायच्या आत तोडलेली शेवटची. परसातल्याच वाळक्या काड्या. पेटवणार तोच पाऊस. म्हणून गॅरेजात, दार उघडं ठेवून.
घर लाकडाचं. तिकडे बहुतेक तशीच बांधतात. एवढ्या श्रीमंत देशाला विटा परवडत नाहीत का, असं मी सदरात विचारलं होतं. लोकांनी रस्त्यात थांबवून दाद दिली होती.

१५ नोव्हें.
गेल्या जानेवारीतलं शेत डोळ्यांपुढून जात नाही. व. आला होता म्हणून मामेभावानं शेतात भरीत ठेवलेलं. तुराट्यांचा जाळ. व. काठीनं वांगं फिरवायला गेला, ते फुटलं. मी म्हटलं, "साहेबांना विजेच्या शेगडीची सवय. तिकडे वांगी भाजत नाहीत, नुसता ताप आणतात." सगळा बांध हसला.
मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तिकडे जरा..." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तिकडे जरा पात महाग आहे, एवढंच ना?" पुन्हा हसले. तोही हसला. पुढचं बोललाच नाही.
जाताना शेजारच्या अक्कांची बडगी मागून नेली. भरीत ठेचायची ती लाकडी, त्यांच्या सासूच्या वेळची. म्हणाला, पुढच्या खेपेला परत आणतो. घोंगडीत गुंडाळून विमानात घातली. तिकडे नीट करून दाखवायचं होतं त्याला. कोणाला, ते मला आत्ता कळतंय.
अक्का शिंदखेड्याच्या, बोलणं अजून तिकडचंच अहिराणी, 'माझी'ची 'मनी'. आज ओट्यावरून विचारलं, "मनी बडगी काय म्हनस, भाऊ?"
म्हटलं, "मजेत आहे. इंग्रजी शिकतेय."
मला काय, कशावरही सुचतं.

३ डिसेंबर
व.चं पत्र. घराचा विमा होता, पण कंपनी पैसे द्यायला तयार नाही. त्यांचा माणूस आला, फोटो काढले, राख पुड्यांत भरून नेली. म्हणतो, पावसात, लाकडी घरात, फरशीवर, स्वतःच्या हातानं जाळ. वांग्यासाठी? गोष्ट पटत नाही.
पटत नाही याचं कारण पुढच्या पानावर. व.ची नोकरी जूनमध्ये गेली. घराच्या कर्जाचे हप्ते थकलेत. अशा माणसाचं घर जळलं की कंपनीला वेगळा वास येतो. पैसे मिळाले नाहीत तर बँक घर घेणार, जळकं असेल तसं.
त्यांना गावाकडून शपथपत्र हवंय, असं खरंच करतात म्हणून. "तू लिहिशील ना? तुझं लिहिणं लोकांना पटतं."
जूनपासून. आणि मला हे विमा कंपनीमुळे कळतं.

४ डिसें.
दाढी करताना एक विचार आला. लिहीत नाही.
लिहितो. त्यानं मुद्दाम तर

८ डिसें.
स्टेशनरोडच्या बूथवरून फोन लावला. विचारायचं म्हणूनच लावला होता. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते, मी हवापाणी विचारत होतो.
घराबद्दल तो कारकुनासारखं बोलला. छत इतकं, गाडी इतकी. मग एकदम, "दादा, अक्कांची बडगी गेली रे." आणि रडला. मोठ्यानं. चाळिशीचा माणूस.
म्हटलं, "नुकसानीत लिहिलीस का?"
"ती कुठे माझी होती?"
चालत घरी आलो. घर जाळायला निघालेला माणूस मागून आणलेली वस्तू आधी बाहेर काढून ठेवतो. निदान आमच्या आईच्या हाताखाली वाढलेला तरी. मला एवढं पुरे. पण हे कंपनीला कोणत्या इंग्रजीत सांगू?

१५ डिसें., धुळे
सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला. मेहुणा प्रकाश वकील. व.नं पाठवलेली पॉलिसीची झेरॉक्स त्यानं चष्मा कपाळावर चढवून वाचली.
"दाजी, हे लोक हलगर्जीपणाचे पैसे देतात. मुद्दाम केल्याचे देत नाहीत."
"म्हणजे?"
"म्हणजे तुमचा भाऊ मूर्ख आहे हे सिद्ध करा. सुटला."
पण कंपनीनं एक प्रश्न वेगळा काढून विचारलाय: असा जाळ तुमच्याकडे छपराखाली करतात का?
"घरोघरी करतात असं ठोकून देऊ," प्रकाश म्हणाला. "तिथून कोण बघायला येतंय?"
"अरे, शेतात करतात, उघड्यावर. घरात करायला लोक वेडे आहेत का?"
"मग सगळ्या खानदेशाचं सोडा. तुमच्या घराण्यापुरतं काही सापडतंय का बघा."
रात्रीच्या आत परत. पारोळ्याला चहा घेतला, तो चहासारखा नव्हता. यावर लिहावंसंही वाटलं नाही.

१६ डिसें.
आईला आडून आडून विचारलं, पावसात कधी भरीत केलं होतं का?
"अवकाळी आला होता तेव्हा? तुझ्या बाबांनी उचलून गोठ्यात नेला होता की जाळ! छपरानं पेट घेतला. वसंता एवढासा, बादल्या ओढत होता." माळ ओढत, "तू हसत होतास."
मला आठवत नाही. पण हसत असणार.
मग माळ खाली ठेवून म्हणाली, "त्याचं किती जळलं ते आता खरं सांग. धुराला कोणी इतके फोन करत नाही."
सांगितलं. नोकरीचंही. तिनं एवढंच विचारलं, "आपल्याला का नाही बोलला?"

१९ डिसें., धुळे
शपथपत्र झालं. आईला घेऊन गेलो होतो, तिचं वेगळं केलं. तिनं सही केली, हळूहळू, पूर्ण नाव.
माझं मराठी थोडक्यात असं: वांगी आमच्याकडे काड्यांच्या जाळावर, उघड्यावर भाजतात. पाऊस आल्यास आमच्या घराण्यात जाळ छपराखाली नेतात. वडिलांनी नेला, छप्पर पेटलं. ते पाहूनही धाकट्या मुलानं तेच केलं. प्रकाशनं इंग्रजी केलं. इंग्रजीत आम्ही जास्तच मूर्ख दिसतो. बरंय.
आजवर लोकांचा मूर्खपणा लिहून नाव मिळवलं. घरचा स्टॅम्पपेपरवर लिहिला. त्यात एक राहून गेलं. ज्याला व. भरीत नीट करून दाखवायला निघाला होता त्याचं नाव घालू म्हटलं, तर प्रकाश म्हणाला, "त्याचा इथे संबंध नाही, दाजी."

२० जानेवारी १९९२
व.चं पत्र. कागद पोचले. "तुझं वाचून कंपनीचा माणूस हसला. चांगलं की वाईट, कळत नाही." आता वरचा साहेब बघणार. व. दोन खोल्यांत भाड्यानं राहतोय. बँकेचं पुन्हा पत्र आलंय.
या हिवाळ्यात आमच्याकडे भरीत झालेलं नाही. पात आता ढिगानं मिळते.

२ फेब्रुवारी
कंपनीकडून अजून काही नाही.
सुताराकडून बडगी आणली. आठवडाभर तेल पाजलं. दुपारी अक्कांकडे नेऊन ठेवली.
अक्कांनी ती उलटी केली, बुडाशी हात फिरवला. "हाई मनी नही शे."
दोन विनोद तयार होते. तोंडाशी आले.
"नाही, अक्का. तुमची जळाली."
त्या म्हणाल्या, "वसंता बरा शे ना?"
"माहीत नाही. विचारलं नाही कधी."
त्या बडगी घेऊन आत गेल्या. मी परदेशी जाणारं विमानाचं पत्र आणायला पोस्टात गेलो. लिहिलंय एवढंच: गेल्या वर्षी जानेवारीत बांधावर "तिकडे जरा" म्हणालास, त्याच्या पुढचं सांग. मी ऐकतोय.
नव्या बडगीचं त्यात घातलं नाही.