भिंतीला माझा नकार

४ मार्च
नाही म्हणजे नाही! मागे खोली वाढवताय, खुशाल वाढवा. स्वयंपाकघराची भिंत पडणार नाही. आमचे साहेब – निवृत्त झाले तरी घरात साहेबच – म्हणतात, "अगं, भिंत गेली की सगळं मोकळं. तुलाही गप्पांत भाग घेता येईल." इतकी वर्षं घेतला नाही, काही अडलं? त्या भिंतीआड मी गाते, स्वतःशी भांडते, चटका बसला की शिवी हासडते. ते काय आता पाहुण्यांसमोर करू?

५ मार्च
"आई, हल्ली सगळीकडे असंच असतं." – चिरंजीव. सगळीकडे त्याची आई नसते म्हणावं.

८ मार्च
इंजिनियर आली. चुणचुणीत पोरगी. टेप गुंडाळत मला विचारते, "काकू, दिवसातला किती वेळ जातो स्वयंपाकघरात?" मी तोंड उघडायच्या आत साहेब –
"ती तिथेच असते."
तिथेच असते! फ्रीज असतो तशी!
सासूबाई पलंगावरून हसल्या. लेकाचं डोकं फोनमध्ये. मी तणतणत उठले आणि गेले कुठे? चहा टाकायला. आतच!

९ मार्च
अबोला. यांच्या ते लक्षातही आलेलं नाही.

१२ मार्च
भाजी घेऊन येताना नव्या तरणतलावाच्या फाटकावर पाटी दिसली – बायकांना पोहायला शिकवणारी हवी आहे. कॉलेजात असताना शर्यती मारल्यात मी! पिशवीसकट आत शिरले. तिथल्या मॅनेजरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सवय राहिलीय का?"
म्हटलं, उद्या बघा.

१३ मार्च
पोहले! धाप लागली, पोटऱ्यांत गोळे आले, पण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परतही आले. पाण्यात कुणाची हाक ऐकू येत नाही – काय सुख!
केस ओले तसेच घरी. साहेब म्हणतात, "नळ फुटला की काय?"
हसू दाबलं.

१७ मार्च
नोकरी पक्की! सकाळचे वर्ग माझे, संध्याकाळचेही माझेच. इंजिनियरला फोन केला – पाडून टाक गं ती भिंत. आता ओट्याशी साहेब उभे राहणार. आत एकटे कंटाळतील बिचारे.