मंडळी की फड

कार्तिक वद्य ३, शके १७८६. अकोला

गायलो! नाटक मंडळीच्या मालकांसमोर, किसनरावांसमोर, त्यांच्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर बसून गायलो. मंडळी देशावरून आली आहे. कापसाचा हंगाम संपेपर्यंत जुन्या शहरात मुक्काम. यांच्या नाटकात सीता स्वतः गाते! आम्हाला एवढंच ठाऊक — सूत्रधारानं गावं, पात्रांनी नुसतं हिंडावं.

किसनरावांनी डोळे मिटून ऐकलं. मग — "आवाज चांगला आहे. शिकवू. जात कोणती?"

माळी, म्हणालो.

"मग झील धर. मागे उभं राहून सूर द्यायचा. सोंग मिळायचं नाही. पंगत वेगळी. तीन वर्षं सोडून जायचं नाही."

तीन वर्षं पाठीमागे! तरी हो म्हणावंसं वाटलं. सूर, ताल सगळं रीतसर शिकवतात. गावच्या दंडारीच्या खेळात आम्ही नुसते ओरडत होतो.

कार्तिक वद्य ४

बाबांना सांगितलं. वाटलं, मारतील. पण कापसानं आमचं घर पालटलं. काल-परवापर्यंत मोर्णा नदीकाठी वांगी-मिरच्या काढणारे आम्ही, आता बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या! बाबा मिशीला पीळ देत म्हणाले, "जाय. बामनाईत राहशीन, चार सबद धड बोलशीन. पुंजारामचा पोरगा नाटकात हाये म्हनतीन लोकं."

आई म्हणाली, "पन त्याले मांगं उभं करून राहिले नं?"

"मांगं का होईना!" मग माझ्याकडे बोट — "तमाशाच्या फडात गेला, त मात्र तोंड दाखवू नको."

फडाचं मी नावही काढलं नव्हतं. मनातलं कसं कळलं यांना?

मार्गशीर्ष शुद्ध २. अमरावती

कापसाच्या गाड्यांसोबत आलो. गाड्या बाजारात लावल्या आणि सरळ भगवंत शाहिराच्या तमाशाच्या फडावर. गावाबाहेर चिंचेखाली छप्पर, तिथं दिवसभर तालीम. एकाचं चुकलं की ढोलकी थांबते, सगळे त्याच्याकडे बघत बसतात. मलाही गायला लावलं.

"खाली काहून पायतं? लोकाईकडं पाय!" शाहीर ओरडले.

पाहिलं. रस्त्यानं जाणारे हमाल थांबले होते. माझ्याकडे बघत! अंगावर काटा आला.

"तुले मी म्होरं उभा करीन," शाहीर म्हणाले. "पन मले नाच्या पायजे. लुगडं नेसा लागते, कमर हालवा लागते. दलाल लोकं शिट्ट्या मारतीन. हाये तयारी?"

विचार करतो म्हणून उठलो.

मार्गशीर्ष शुद्ध ६. अकोला

मंडळीत माझं तोंड दिसणार नाही. फडात दिसेल, ते लुगड्यातलं. आणि काहीच केलं नाही तर वखारीत कापूस तोलत म्हातारा होईन. झोप नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ९

सुभद्रेला विचारलं. लग्नाला चार वर्षं झाली. तिला काही विचारायची ही पहिलीच वेळ. कापूस वेचून आली होती. बोटं बोंडांनी ओरबाडलेली.

"मले काय इचारता? मले आजवर कोनी काई इचारलं नाई. निवडाचं कसं असते, मले काय मालूम?" मग आपणच — "तुमी लुगडं नेसान, त लोकं मले हासतीन. नाई नेसान, त तुमी असे तोंड पाडून बसान. दोन्ही माह्याच डोक्यावर!"

खरं आहे.

मार्गशीर्ष शुद्ध १०

मंडळीत गेलो. लुगडं नेसायचं धाडस झालं नाही.

पौष वद्य ५

शिकलो खूप, खोटं का बोलू? एक तान बसेपर्यंत किसनराव उठू देत नाहीत. स्वतःही उठत नाहीत. पण जेवण गोठ्याशेजारी. आणि खेळ सुरू झाला की समोर पाठीच पाठी. लोक कसे आहेत, हसतात की रडतात, काही दिसत नाही.

आज सीतेचं सोंग घेणाऱ्याचा घसा बसला. किसनराव म्हणाले, "तू पडद्याआडून गा. तो तोंड हलवील." गणपतीवर हात ठेवायला लावला — कोणाला सांगायचं नाही.

गायलो. असा कधीच गायलो नव्हतो! पडद्याच्या फटीतून दिसलं — बाबा पुढेच बसलेले, पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते.

पौष वद्य ६

बाबा सकाळी बिऱ्हाडावर आले. "काय गायलं बे ते सीतेचं पोरगं! जीव काढला माहा. त्याच्यापाशी बसत जाय. थोडंसं तू बी शिक."

तोंड उघडलं. मिटलं. शपथ!

बाबांनी त्याच्यासाठी शेला आणला होता. माझ्याच हातून द्यायला लावला. त्यानं घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

पौष वद्य ८

सीतेचं सोंग घेणाऱ्याचा घसा आजही बसलेलाच. सीतेनं तोंड उघडलं — मी आडून गायलोच नाही. पडदा सारला, पुढे गेलो आणि तसाच, मळक्या धोतरात उभा राहून गायलो. लोक हसले. मग गप्प झाले. शपथ मोडली नाही. मी कोणाला काही सांगितलं नाही!

मंडळीनं काढलं. उद्या अमरावती, भगवंत शाहिराकडे. लुगडं नेसीन.

आजही पुढेच बसलेले बाबा उठून गेले. पण गाणं पुरं झाल्यावर.