पंख्याचा आवाज

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

आज चौथा सोमवार! नालासोपाऱ्याच्या त्या गाळ्याबाहेर पुन्हा दीड तास बाकावर. 'सुरूबन कॅसेट्स' — पाटी केवढी, आणि आत जागा एवढीशी. लतिका टेबलाशी बसून कॅसेटच्या डब्यांत छापील कागद सरकवत होती. "सर बिझी आहेत गं. पुढच्या सोमवारी बघ ना." बिझी कसले! काचेतून दिसत होते, वडापाव खात होते.

निघणार तेवढ्यात दिनानाथ सर स्वतःच बाहेर आले. राहतेस कुठे? म्हटलं, राजोडी. तर चेहराच बदलला. "तुम्हा तिकडच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाची जुनी गाणी म्हणणारी कोणी आहे का? नवरीला न्हाऊ घालायची, मांडवाची, सगळी? ती बाई मला आणून दे, चेकिंगचं काम तुझं."

चेकिंग म्हणजे दिवसभर हेडफोन लावून नव्या कॅसेटी ऐकायच्या, आवाज कुठे फाटतो का बघायचं. ऐकायचा पगार! रेडिओपायी बी.कॉम.ला पंचेचाळीस टक्क्यांवर आलेल्या मुलीसाठी देवाने याहून चांगलं काम बनवलेलंच नाही.

पप्पांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता — "डी.एड. कर."

४ नोव्हेंबर

सगळी गाणी येणारी गावात एकच — शेजारची आग्नेस काकी. आणि नेमकं तिचंच गाणं बंद. फ्रान्सिस काका गेले ते यंदाच्या चौदा जानेवारीला. चर्चमध्ये त्यांच्या वर्षाच्या प्रार्थनेचा मिस्सा होईपर्यंत त्या घरात गाणं नाही, रेडिओ नाही, कोणाच्या लग्नाला जाणं नाही. काकांनी मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर काकीने चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलाय.

परवा मृतांच्या दिवशी तिच्याबरोबर थडग्यावर मेणबत्ती लावून आले. आता कोणत्या तोंडाने विचारू?

५ नोव्हेंबर

विचारलं! याच तोंडाने.

काकी मागच्या वाडीत माठाच्या भाजीच्या जुड्या बांधत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती हसली. "वरीस भरू दे गो सँड्रा. मंग तुला हवी तेवढी गानी बोलते. लोक काय म्हनतील ते सोड, पन तो काय म्हनंल?"

माझ्या पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक हिने शिवला. हिला मूलबाळ नाही, म्हणून अर्धी मी हिचीच. चार जुड्या बांधल्या आणि घरी आले.

१० नोव्हेंबर, सोमवार

सरांना सांगितलं, जानेवारीपर्यंत थांबा. कपाळाला हात लावला त्यांनी. "अगं, नाताळ झाला की लग्नं सुरू. त्याआधी कॅसेट दुकानात नको?" मग जरा मऊ झाले. आवाज खरंच तसा असेल तर ईस्टरनंतरची लग्नं धरू. "पण ऐकल्याशिवाय मी थांबू कोणासाठी? आणि तुझी जागा तरी किती दिवस रिकामी ठेवू? विरारची एक मुलगी दोनदा येऊन गेली."

काकी हलणार नाही. सर हलणार नाहीत. कॅलेंडर तर मुळीच नाही. आणि मध्ये मी. काय करू, काही सुचत नाही. खरंच नाही.

१३ नोव्हेंबर

रडले. आई म्हणाली, कांदा तर मी चिरतेय, तुला काय झालं?

१५ नोव्हेंबर

काकी गाते!

दुपारी केळीच्या बाजूला कपडे वाळत घालत होते तर कुंपणापलीकडून हळू आवाज आला. एकटी बसून जुड्या बांधत होती आणि नवरीला न्हाऊ घालायचं गाणं म्हणत होती. अगदी हळू, पण एकेक शब्द कळत होता. काय आवाज आहे! मी ओली चादर हातात धरून तशीच उभी. फाटकाशी कोणी हाक मारली तशी चटकन गप्प झाली आणि उगाच खोकली.

म्हणजे एकटी असली की म्हणते. तिची तिला.

मनात एक विचार आलाय. तो इथे लिहायचीसुद्धा लाज वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार

केलं.

मिस्सानंतर काकीकडे गेले. म्हटलं, टेप नुसता पडून राहिला की आतला पट्टा सैल होतो, मी बघून देते. धडधडीत थाप! तिने लगेच कपाट उघडलं. "तूच बघ बाय, मला काय कलतंय त्यातलं."

घरी आणून उघडला तर आत एक कॅसेट. नाव नाही, गाव नाही. माझ्याकडे कोरी नव्हती आणि रविवारची दुकानं बंद. लावून बघितली — नुसती घरघर. पंख्याचा आवाज असतो तशी. दोन-तीन मिनिटं ऐकली, पुढेही तेच. दुसरी बाजू लावली, तिथे तेवढंही नाही. रिकामीच. पाठीवरच्या प्लास्टिकच्या चिमुकल्या पट्ट्या तेवढ्या मोडलेल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या. त्या मोडल्या की कॅसेटवर नवं काही भरता येत नाही. पण त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की भरता येतं, हे शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. कोंबला. पहिली बाजूच पुन्हा सुरुवातीला आणून लावली, पप्पांच्या बॅटरीतले सेल काढून टेपात घातले. टेप कुंपणाच्या बुडाशी गोणपाटाखाली ठेवला आणि बटण दाबून केळीमागे बसून राहिले.

काकी आली. पाणी मारलं, जुड्या घेतल्या, आणि लागली म्हणायला. एकामागून एक! वरमाईला चिडवायचं गाणं म्हणताना स्वतःशीच हसली. मला मात्र हसू आलं नाही. मांडीवर मुंग्या चढत होत्या तरी हलले नाही. ती उठली तसा टेप बंद केला. बाजू संपायला थोडीच फीत राहिली होती.

कुमसाराला, पापं कबूल करायला गेले तर फादरना काय सांगू? चोरी म्हणू की खोटं बोलणं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरांनी दोनच गाणी ऐकली. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हिच्यासाठी मी ईस्टर काय, पुढच्या नाताळापर्यंत थांबेन. एक तारखेपासून ये."

मिळालं! मला काम मिळालं!! लतिकाने लिमलेटची गोळी दिली. कॅसेट सरांनी कपाटात ठेवली — नमुना म्हणून, विकणार नाही म्हणाले. म्हणजे कोणाचं काही बिघडलं नाही. काकी वर्ष भरल्यावर आपणहून म्हणेल, सर थांबतील. उगाच जीव खात होते स्वतःचा.

१८ नोव्हेंबर

टेप परत दिला. काकी — "बसला पट्टा?" मी — "बसला." चादरीत गुंडाळून पुन्हा कपाटात. उघडूनही बघितला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

कामाचा पहिला दिवस. कान दुखतायत, पण मजेत दुखतायत.

सरांनी शिकवलेला पहिला नियम — "पट्टी मोडलेली कॅसेट दिसली की हात लावायचा नाही. ती आपोआप मोडत नाही, कोणीतरी मुद्दाम मोडलेली असते. कागद कोंबणारे लोक मला गाळ्यात नकोत." लतिका हसली. मीही हसले. ती रिकामी होती. मी ऐकली होती ना!

२३ डिसेंबर

पहिला पगार. काकीला साडी घेतली, सुतकात चालेल अशी फिक्या रंगाची. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला तिच्याकडे बघवेना.

१४ जानेवारी १९९८, बुधवार

वर्षाचा मिस्सा झाला. घरी सगळ्यांना कॉफी आणि पाव. लोक गेल्यावर काकी म्हणाली, "सोमवारी येते तुझ्या हाफिसात. तुझ्या सायबाला सांग, समदी गानी बोलीन." इतके दिवस याच वाक्याची वाट बघत होते. उडीच मारणार होते.

मग तिने कपाटातून टेप काढला, चादर सोडली, झाकण उघडलं. "यात माझी कॅसेट व्हती ती? तुझ्याजवल हाय ना?"

मी मान हलवली.

"हां, तुझ्याजवल हाय तर काय भ्याव नाय. तू आता कॅसेटवाली. तिची दुसरी काढून दे मला, घासून जायल नायतर. फ्रान्सिसची हाय ती."

काका मस्कतहून पत्र लिहीत नसत, कॅसेट भरून पाठवत. ही ऐकून त्याच कॅसेटीवर आपलं बोलणं भरून परत पाठवायची. तेव्हा कोरी कॅसेट कोणाला परवडत होती! तशी बारा वर्षं ये-जा. त्यामुळे मागचं काहीच उरलं नाही, उरली ती फक्त शेवटची. "ती आली तवा मीच सुयेनं पट्ट्या मोडल्या, कोनी काय भरू नये म्हनून. वरीसभर लावली नाय. आज ऐकनार व्हते."

आणि मग हसत म्हणाली, "आधी पाच मिन्टं नुसता पंखाच ऐकू येतो बघ. लाजायचा तो मशिनीसमोर."

मी म्हटलं, उद्या आणते.

१५ जानेवारी

सरांच्या कपाटातून ती कॅसेट काढली. हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकली. सगळी गाणी. मग खट्. मग पंखा. मग फ्रान्सिस काका — "...चल, संपत आली आता. ठेवतो, आग्नेस."